मदत हवी आहे: ताईच्या उजव्या डोळ्याची शीर बंद, इंजेक्शन घ्यावं का?

औंढ्याचा_पोऱ्या: परवा सकाळी ताई भाकरी करायली होती, तवा अर्धाच दिसायलाय मनली. डावा डोळा झाकला की खालचं सगळं काळं. परभणीत दाखवलं. पडद्याच्या वरच्या भागातली शीर बंद झाली, सूज आलीय, डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागंल म्हणायलेत. घ्यावं का? लवकर सांगा, उद्या बोलावलंय.

मांजराकाठ: वय? शुगर, बीपी? आमच्या वडिलांचं शुगरनं असंच झालं होतं. तीन इंजेक्शनं घेतली, आता पेपर वाचतात. घेऊन टाका.

औंढ्याचा_पोऱ्या: ३१. शुगर नाही, बीपी नाही. वाताच्या गोळ्या चालू आहेत.

जुनी_लॅब: या वयात शुगर-बीपी नसताना शीर उगीच बंद होत नाही भाऊ. वात म्हणजे कोणता? फाईल बघून लिहा.

औंढ्याचा_पोऱ्या: एसएलई लिहिलंय, लुपस, आपलीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटती तो आजार. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २००, रोज एक, चार वर्षं झाली. आईनं परवापासून बंद केली.

नेत्रतर्पण_प्रेमी: माउलीनं बरोबर केलं! त्या गोळीनंच पडदा जातो. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा, डोळ्यांत गाईचं तूप भरून तर्पण करा.

जुनी_लॅब: तूप भाकरीवर घाला. त्या गोळीनं पडदा बिघडतो, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर, हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत. एका सकाळी एकाच डोळ्याचं अर्धं दिसणं जात नाही. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत मात्रा असावी लागते. ताईचं वजन किती? मनानं गोळी तोडली की लुपस उसळतो. आणि एक विचारतो, राग मानू नका. पोटात बाळ राहून गेलंय का कधी?

मांजराकाठ: हा काय प्रश्न? तो डोळ्याचं विचारायलाय.

औंढ्याचा_पोऱ्या: वजन ४८. दोनदा गेलं, चौथ्या अन् पाचव्या महिन्यात. तुम्हाला कसं कळलं? डोळ्याच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं मनून बोललोच नाही.

जुनी_लॅब: ४८ किलोला २४० पर्यंत चालते, म्हणजे २०० ची मात्रा आतच आहे. उद्या पहिलं बाळांचंच सांगा. लुपसच्या काही पेशंटच्या रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात. त्यानंच बाळ जातं, त्यानंच डोळ्याची शीर बंद होते, उद्या पायाची नाहीतर मेंदूचीही होऊ शकते. तीन तपासण्या असतात: लुपस अँटीकोऍग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा. इंजेक्शन नको म्हणत नाही मी, सूज त्यानंच उतरंल. पण रक्ताचं कोण बघणार?

सोयाबीनवाला: रविवारी आमच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर आहे, फुकट. ताईचं नाव घालू का?

मांजराकाठ: मोतीबिंदू नाही हो. पोऱ्या, देवगिरी एक्सप्रेसमध्ये बस अन् हैदराबादला एल. व्ही. प्रसाद डोळ्यांच्या दवाखान्यात ने.

जुनी_लॅब: हैदराबाद पळून चाललं नाही. आधी घाटी, संभाजीनगरचा सरकारी दवाखाना. डोळ्याचा विभाग अन् रक्ताचं बघणारा मेडिसिन विभाग एकाच आवारात. मोफत उपचाराच्या फुले जनआरोग्य योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड न्या.

औंढ्याचा_पोऱ्या: घाटीतून लिहायलोय. हाताच्या शिरेत पिवळं औषध टाकून पडद्याचे फोटो काढले. ताईला पिवळीजर्द लघवी झाली तर आई कावीळ मनून रडायली, नर्सनं समजावलं. गोळी परत चालू केली. तिन्ही तपासण्यांचं रक्त दिलंय. इंजेक्शन उद्या, मेडिसिनवाले बघून गेल्यावर.

नेत्रतर्पण_प्रेमी: निदान तुपाला नाही तरी म्हणू नका.