खेड्यात राहून, लहान मुलं सांभाळत घरबसल्या काम: मध्येच सोडून उठता येईल असं काय आहे?

ओसरी:

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, लिहायला आज बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मला दोन मुलं. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. राहायला खेड्यात. नवरा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. आसपास पाळणाघर नाही, कुरियरवाला आठवड्यातून दोनदा फिरकतो आणि इंटरनेट म्हणजे मोबाइलचंच, तेही एका खिडकीशी बसलं तर नीट मिळतं. मुलं होण्याआधी मी एका कार्यालयात टायपिंग आणि पत्रव्यवहार बघायचे. चार पैसे हवेत हे तर आहेच, पण त्याहून जास्त मला माझं म्हणता येईल असं काम हवंय.

दोन वर्षांत तीन गोष्टी करून पाहिल्या.

पहिलं, घरबसल्या टायपिंग. पानांचे फोटो येतात, ते टाइप करून द्यायचे. आधी नोंदणीचे पैसे भरून घेतले. अकरा रात्री जागून मी सगळी पानं पुरी केली. उत्तर आलं की अचूकता कमी भरली, त्यामुळे मोबदला मिळणार नाही, उलट करार मोडला म्हणून दंड तुम्हीच भरा. मग वकील म्हणवणाऱ्या एका माणसाचे फोन सुरू झाले. घाबरून मी नंबरच बदलला. नवऱ्याला हे सांगायला मला दोन महिने लागले.

दुसरं, ग्रुपवर कपडे विकणं. माल दुसऱ्याचा, फोटो मी फिरवायचे. लोक रात्री दहाला विचारतात, "हा रंग प्रत्यक्षात गडद आहे का?" लगेच उत्तर गेलं नाही की गिऱ्हाईक गेलं. मी बाळाला पाजताना दुसऱ्या हाताने उत्तरं लिहायचे. शिवाय गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं. एकदा एक मैत्रीण मला समोरून येताना बघून दुसऱ्या वाटेने गेली. त्याच आठवड्यात मी ते बंद केलं.

तिसरं शिवणकाम. आईचं पायाचं मशीन घरी होतं. कापडी पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवते. हे मला मनापासून आवडतं. पण होतं काय ते सांगते. वीस पिशव्यांची ऑर्डर होती. कापड दुहेरी करून जमिनीवर अंथरलं, खडूने आखलं, कात्री हातात घेतली आणि धाकटा उठला. त्याला घेऊन परत येईपर्यंत थोरलीने माझ्या रेघांशेजारी खडूने फुलं काढली होती. फुलं झटकली आणि कापत गेले. त्या झटकण्यात खालचा थर बोटभर सरकला होता, ते मला दिसलंच नाही. सहा पिशव्या तिरक्या झाल्या, त्या घरातच ठेवाव्या लागल्या.

त्यानंतरच्या वीस पिशव्यांना मी कॅलेंडरच्या मागे वेळ लिहून ठेवली. सगळे मिळून ३१ तास गेले. त्यातले मशीनवर १७, आणि तेही ६४ वेळा बसून. म्हणजे एका बैठकीला सरासरी १६ मिनिटं! सर्वांत लांब बैठक रात्रीची, ५० मिनिटांची.

आता एका ओळखीच्या बाईंनी सुचवलंय की मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून देण्याचं काम घे. टायपिंगची सवय आहे म्हणून ओढ वाटते, पण पहिल्या फसवणुकीनंतर हात आखडतो. शिवण वाढवू की हे सुरू करू? मुळात सोळा-सोळा मिनिटांत बसेल असं काम असतं का? ज्यांनी मुलं लहान असताना केलंय त्यांनी सांगावं.

---

दुहेरी टाका:

ओसरीताई, ते ६४ वेळा बसणं तुम्ही मोजलंत हे फार छान केलंत. मी दोन मुलींना वाढवत सव्वीस वर्षं शिवतेय, पण मला हे मोजायचं कधी सुचलं नाही.

शिवणातली सगळी कामं मध्येच सोडता येत नाहीत. बेतणं आणि कापणं सोडता येत नाही. उरलेलं जवळजवळ सगळं येतं. म्हणून कापणं दिवसा करूच नका. ती जी रात्रीची ५० मिनिटांची बैठक आहे ती फक्त कापण्याला द्या. वीसच्या वीस पिशव्यांचे सगळे भाग एकदम कापा, एकेका पिशवीचा जुडगा कपड्यांच्या चिमट्याने बांधून ठेवा. टाचण्या वापरू नका, रांगतं-चालतं मूल घरात असताना तर नाहीच. उभ्या धाग्याची दिशा प्रत्येक तुकड्यावर खडूच्या छोट्या रेघेने दाखवा, म्हणजे चार दिवसांनी हातात घेतलंत तरी उलटसुलट होणार नाही.

दिवसाच्या बैठकीत एक अख्खी पिशवी शिवायला घेऊ नका. एकच क्रिया घ्या. आज फक्त पिशवी धरायचे बंद, वीस पिशव्यांचे चाळीस. एक बंद संपला की दोरा न तोडता लगेच पुढचा, मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली सरकवा, माळेसारखे एकामागे एक येतात, नंतर कातरून सुटे करायचे. मुलाने हाक मारली तर पाच झाले असतील किंवा पंचवीस, काही बिघडत नाही. सहा-सात बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) एकदम भरून ठेवा, कारण आधीच तुटक्या असलेल्या बैठकीत बॉबिन संपलं की पाच मिनिटं तिथेच जातात.

आणि उठायचं झालं तर चाक हाताने फिरवून सुई कापडात खाली रुतवा आणि मगच उठा. कापड जिथल्या तिथे राहतं, परत आल्यावर टाका त्याच जागी पडतो. पण पायाच्या मशीनचा पट्टा मात्र चाकावरून उतरवूनच उठायचं. पायडल मुलांना झुल्यासारखं वाटतं आणि बोटं चाकात जातात. माझ्या धाकटीचं एक नख गेलं होतं, म्हणून हे इतकं बजावून सांगतेय.

सुई कितीची लावता? पिशवीचं जाड कापड दुहेरी दुमडलं की बारीक सुई टाके सोडते. साध्या सुती कापडाला १४ नंबर पुरतो, जाडाला १६ लावा.

---

हेडफोनवाला बाबा:

माझ्याकडे बायको नोकरीला जाते आणि घर, मुलगा मी बघतो. रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं काम सहा वर्षं करतोय, तेव्हा त्याबद्दल सांगतो.

स्वच्छ आवाजाचं एक तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला हात बसलेल्या माणसाला साधारण चार तास लागतात. नव्याने करताना सहा धरा. दोघं एकदम बोलत असतील, मागे पंखा किंवा वारा असेल, तर त्याहूनही जास्त. काम घेताना पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायला मिळालं नाही तरी मधली पाच मिनिटं मागून घ्याच. सुरुवातीची पाच घेऊ नका. सुरुवातीला सगळे माइकजवळ आणि सावकाश बोलतात.

तुमच्या सोळा मिनिटांसाठी हे काम चांगलं आहे, कारण वाक्य संपलं की थांबता येतं. उठताना रेकॉर्डिंगमधली वेळ कागदावर लिहून ठेवायची. पण एक अडचण आहे जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. कानांवर हेडफोन असले की मूल ऐकू येत नाही. मी एकच कान झाकून बसायचो, मग अस्पष्ट शब्द सुटायचे. शेवटी दिवसा एका कानाने कच्चं लिहायचं आणि मुलगा झोपल्यावर दोन्ही कानांनी तपासायचं, अशी विभागणी केली. स्पीकरवर तर लावायचंच नाही. कोणीतरी आपलं दुखणं-खुपणं मुलाखतीत सांगितलेलं असतं, ते घरात आलेल्या-गेलेल्याच्या कानावर जाता कामा नये.

इंटरनेटचं म्हणाल तर फाइल कुठल्या प्रकारची येते त्यावर सगळं आहे. एक तासाची न दाबलेली वेव्ह फाइल, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ, एकाच चॅनेलची असली तरी जवळपास ३१७ एमबी होते. तेच ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे २९ एमबी. खिडकीशी तुम्हाला सेकंदाला १ मेगाबिट मिळत असेल तर पहिलीला ४० मिनिटांच्या वर लागतील, दुसरीला चार मिनिटांच्या आत. बोलणं ऐकायला एमपीथ्री पुरतं. मागायला लाजू नका.

टायपिंगची सवय जुन्या कार्यालयातली असेल तर एक तपासा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. माझं पहिलं पूर्ण काम, ७२ पानं, असंच परत आलं आणि दोन रात्रींत पुन्हा टाइप करावं लागलं. युनिकोडमध्येच लिहा, ते कुठल्याही संगणकावर मराठीच दिसतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आता आवाजावरून लिहून देणारी सॉफ्टवेअरं आली आहेत आणि सरळ, शहरी बोलण्याचं काम त्यामुळे बरंच आटलंय. उरलंय ते यंत्राने काढलेलं तपासून देणं, आणि बोलीभाषेतल्या, गलक्यातल्या मुलाखती. खेड्यातली बोली कानात बसलेल्या माणसाला तिथे अजून मान आहे. पण केवळ त्यावर विसंबून शिवण सोडू नका.

---

जुनी पावती:

ओसरी, आधी त्या फसवणुकीबद्दल. तुमच्या टायपिंगमध्ये चूक नव्हती. त्या प्रकारात अचूकता कधीच पुरेशी भरत नाही, कारण कमाई तुमच्या कामातून नसते, नोंदणीतून आणि दंडाच्या धाकातून असते. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. फोनवर वकील म्हणवणारा माणूस म्हणजे न्यायालय नव्हे. जुने मेसेज आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार द्या. उशीर झाला असला तरी द्या.

मला मुख्यतः तुमच्या ३१ आणि १७ बद्दल बोलायचंय. मी घरून नगावर काम करणाऱ्या बायकांसोबत बरीच वर्षं काम केलंय. त्या सगळ्या फक्त १७ तास धरतात. उरलेले १४ तास, म्हणजे गठ्ठा सोडणं, तुकडे लावणं, मशीनला तेल देणं, घड्या घालून बांधणं, हे त्यांच्या लेखी काम नसतंच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या, स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या 'सेवा' संघटनेचा त्यामागे मोठा पाठपुरावा होता. करार २००० मध्ये लागू झाला, पण मंजूर करणारे देश अजून फार थोडे आहेत. त्याच्यासोबत १८४ क्रमांकाची शिफारस आहे. त्यात वीज, पाणी, फोन आणि यंत्राच्या देखभालीचा खर्च घरून काम करणाऱ्याला मिळावा असं म्हटलंय. आणि पुढे, यंत्राची निगा राखणं, अवजारं बदलणं, निवडणं, गठ्ठा सोडणं, बांधणं यात गेलेल्या वेळेचाही मोबदला मिळावा असं लिहिलंय. तुमचे ते १४ तास तिथे जवळपास शब्दशः आहेत.

शिफारस पाळायला कुणावर सक्ती नाही. पण पुढच्या ऑर्डरला भाव सांगताना मिळालेल्या पैशांना ३१ ने भागून बघा. तो आकडा बघून वाईट वाटेल. तरी बघा.

---

ओसरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

भागून पाहिलं. वाईट वाटलं, खरंच. तिरक्या झालेल्या सहा पिशव्यांचं वाटलं नव्हतं इतकं. मग ऑर्डर देणाऱ्या बाईंना वह्या दाखवतात तसं ते कॅलेंडर नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, कापड कापून मी पाठवत जाईन, तू फक्त शिव. मला ते नको होतं, बेत माझा असावा असं वाटतं. शेवटी घड्या घालणं आणि बांधणं त्यांच्याकडे गेलं आणि पिशवीमागे भाव थोडा वाढला.

कापण्याचं रात्रीवर नेलं. नवरा बाळाला घेऊन बाहेर बसतो आणि मी पाऊण तासात वीस पिशव्या कापते. सगळ्या सरळ. दिवसा एकेक क्रिया. या वेळी मशीनवर ११ तास गेले, बैठका ४१, म्हणजे बैठक पुन्हा सोळा मिनिटांचीच. पण आता उठताना जीव तुटत नाही. सुई रुतवते, पट्टा उतरवते, जाते. थोरलीला चिमटे मोजायचं काम दिलंय, वीसपर्यंत न चुकता मोजते.

रेकॉर्डिंगचं एक दहा मिनिटांचं नमुन्याचं काम केलं, युनिकोडमध्ये. ७० मिनिटं लागली. बाबांनी सांगितलेल्या सहा पटीहून थोडं जास्तच. शेतात बोललेली एक म्हातारी होती, तिचं बोलणं लिहिताना फार बरं वाटलं. महिन्याला एखादं घेईन, त्याहून जास्त नाही. सायबर विभागाकडे तक्रारही दिली.

आता नवीनच अडचण: १६ नंबरची सुई लावल्यापासून टाके सुटत नाहीत, पण कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतोय. बॉबिन दोनदा काढून घातलं, फरक नाही.

---

दुहेरी टाका:

खाली गुंता झाला की दोष बहुतेक वरच्या दोऱ्यात असतो. सुई बदलताना दोरा पुन्हा ओवलात ना, तेव्हा फूट खाली असणार. फूट खाली असलं की टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा आणि चिंधीवर दोन बोटं शिवून बघा. नाहीच झालं तर गुंत्याचा फोटो टाका.