राज्यशास्त्र विभाग म्हणजे नुसते हारतुरे? – चर्चा

कोपरीकर
परवा ‘करदाता नेरुळ’ यांनी लिहिलं, की विद्यापीठांतले राज्यशास्त्र विभाग म्हणजे शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो. संशोधन कुणी वाचत नाही, व्याख्यानांना कुणी जात नाही, तेव्हा कार्यक्रम बंद करा आणि पैसे वसतिगृहांना द्या. वसतिगृहांना पैसे मिळालेच पाहिजेत. बाकीचं वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

निवडणूक झाली की कोणत्या समाजानं कुणाला मत दिलं, बायकांचा कल कुठे होता, यावर आपण सगळेच तावातावानं बोलतो. ती माहिती येते कुठून? दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या ‘लोकनीती’ गटाच्या पाहण्यांतून. महाराष्ट्रात ते काम पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं उभं केलं. अशाच एका पाहणीसाठी मी घोडबंदर रोडला दारोदार फिरलेय. मतदारयादीतून निवडलेली नावं हातात मिळतात. तो माणूस घरी नसला तर शेजाऱ्याला विचारून भागत नाही, पुन्हा जायचं. टॉवरच्या गेटवर वॉचमन इंटरकॉम लावतो आणि वरून उत्तर येतं, ‘सेल्सवाले नकोत.’ आत प्रवेश मिळालाच तर भलीमोठी प्रश्नावली. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नसतं. नमुना मतपत्रिका द्यायची, समोरच्यानं खूण करून, घडी घालून पेटीत टाकायची. एक आजी सून स्वयंपाकघरात जाईपर्यंत ती मतपत्रिका पदराखाली धरून बसल्या होत्या. घरातल्या घरात मत लपवावं लागतं, हे मला कुठल्या चॅनेलनं सांगितलं नव्हतं.

करदाता नेरुळ
ताई, पाहणीचं मोल मलाही कळतं. पण तुमचं उदाहरण पुण्याचं आणि दिल्लीच्या संस्थेचं. मी आपल्याकडचं विचारतोय. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. मधली सगळी वर्षं प्रशासक. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच होतं. बजेटवर प्रश्न कुणी विचारला? तुंबलेल्या गटारासाठी लोक कुणाकडे गेले? आमच्याकडे पूर्वी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, आता चार-चार जणांचे प्रभाग. जबाबदार कुणाला धरायचं? यावर सामान्य माणसाला वाचता येईल अशी एक मराठी पुस्तिका दाखवा. मला मिळाली नाही. चर्चासत्रांचे विषय मात्र तेच, ‘जागतिकीकरण आणि लोकशाहीपुढील आव्हाने’.

सीएचबीवाला
पुस्तिका लिहिणार कोण? मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य. माझ्या प्रभागावर मी मराठीत लेख लिहिला. मुलाखतीत विचारलं, ‘हे जर्नल केअर यादीत आहे का?’ म्हणजे यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत. नव्हतं, विषय संपला. पुढे २०२५ मध्ये यूजीसीनं ती केअर यादीच बंद केली. जागा भरायच्या नाहीत, आणि संशोधन का होत नाही म्हणून आम्हालाच झोडायचं! चर्चासत्र घेतलं की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातला रकाना भरतो. गल्लीतल्या गटारावर मराठीत लिहिलेलं कुठल्याच रकान्यात बसत नाही. नेरुळच्या साहेबांनी तिकडेही बोट दाखवावं.

नौपाडा
सगळे संशोधनावर घसरलात. कार्यक्रमांना लोक येत नाहीत कारण ते असतात मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. ठाण्याहून कुर्ला, तिथून रिक्षा किंवा बस, हे नोकरदार माणसाला झेपणार कसं? दर जानेवारीत आमच्याकडे रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला संध्याकाळी भरते, मराठीत, आणि लोक भरभरून येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याला १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपल्या लोकांना उभ्यानं ऐकायची सवय आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, बाळकुमला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. विभागानं उठून इकडे यावं.

जासईचा
इकडे येतात हो. आमच्याकडे, उरणजवळ जासईला, बरेच येऊन गेले. रेकॉर्डर घेऊन येतात, चहा घेतात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला काय झालं ते विचारतात. सिडकोनं घेतलेल्या जमिनींसाठी दि. बा. पाटील साहेबांचं शेतकरी आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे. आमचा बापूस त्या गर्दीत होता. त्यानं एका पीएचडीवाल्याला दोन दुपारी बसून सगळं सांगितलं. शेतातनं कुणीकडे पळाले, कुणाला उचलून नेलं, रात्री घरात कोण कोण नव्हतं. बापूस गेला. तो मुलगा आता डॉक्टर झाला म्हणे. ना प्रबंध दाखवला, ना रेकॉर्डिंग दिलं. आमच्याकडे बापसाचा आवाज नाही, त्याच्याकडे आहे. हे तुमचं संशोधन.

वाशी सेक्टर १७
भावना समजल्या. पण घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित प्लॉट मिळाले ना? प्लॉट बिल्डरला दिले, गावठाणात मजल्यावर मजले चढवले आणि अजून आमच्यावर अन्याय. आम्ही कर्ज काढून घरं घेतली, आमच्यावर कोण प्रबंध लिहितंय?

जासईचा
तुमच्या सेक्टरखाली कुणाची भातशेती होती ते सात-बारा काढून बघा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली. साडेबारा टक्के कुणी खैरात म्हणून दिले नाहीत, पाच माणसं गेली त्यावर. पोरं वाढली, गावठाण वाढवलं नाही, मग गरजेपोटी घरं बांधली. त्यांना अनधिकृत म्हणायला तुमची जीभ कशी रेटते?

वाशी सेक्टर १७
गरज दोन मजल्यांची असते, सात मजल्यांची नाही. भाड्याचा धंदा आहे तो.

जासईचा
जमीन गेली, खाडी बुजवली, मासळी गेली. भाड्यावर नाही तर कशावर जगायचं ते तुम्ही सांगा.

कोपरीकर
वाशीवाले दादा, कर्जाचे हप्ते आणि गोळीबार एका पारड्यात टाकू नका. शोभत नाही. आणि गरज किती मजल्यांची, भाडं किती, ते कुणाच्या हातात जातं, हे ना तुम्हाला माहीत ना मला. घरोघर जाऊन मोजावं लागेल. हेच तर विभागाचं काम.

जासईच्या दादांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. आम्हाला मुलाखत कशी घ्यायची ते शिकवलं, परवानगीचा कागद कसा भरून घ्यायचा ते शिकवलं. मुलाखत परत नेऊन द्यायची, हे कुणी शिकवलं नाही.

सीएचबीवाला
प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, असेल. फुकट उतरवून घेता येतो. मात्र इंग्रजीत असण्याची शक्यता जास्त. रेकॉर्डिंग तिथे नसतं, ते संशोधकाच्याच कपाटात राहतं. दादा, वडिलांचं नाव आणि साधारण साल मला निरोपात पाठवा, मी शोधतो. प्रबंध सापडला तर वडिलांचा भाग मराठीत करून देईन, त्याचे गुण कुठे मिळोत न मिळोत.

करदाता नेरुळ
ठीक आहे. कार्यक्रम बंद करा ही मागणी मी सोडतो, पण अटीवर. विभागाचा पुढचा कार्यक्रम जासईला किंवा घणसोलीला, संध्याकाळी, मराठीत व्हावा. व्यासपीठावर ज्यांच्यावर प्रबंध लिहिले ती माणसं असावीत आणि प्राध्यापक समोरच्या खुर्च्यांत. शालीचे पैसे प्रबंधाच्या छपाईला. प्रशासकाच्या वर्षांवरची पुस्तिका मी अजून मागतोच आहे.

वाशी सेक्टर १७
घणसोलीला ठेवलात तर मीही येईन. गप्प बसणार नाही, आधीच सांगतो.

जासईचा
या की. दरवर्षी १६ जानेवारीला आम्ही हुतात्म्यांना मानवंदना द्यायला जमतोच, बोलायचं तर तिथे येऊन बोला. सीएचबीवाले सर, नाव आणि साल पाठवलंय. प्रबंध मिळाला नाही तरी चालेल. आधी रेकॉर्डिंगचं बघा.