मदत हवी आहे: घोडी ओढ्यात पाय घालत नाही, स्वार-घोडा शिबिर कुठे?

माझी काठेवाडी घोडी, वय ७ वर्षं, तबेला मुळशीजवळ. डोंगरवाटांवर दुडकीने उत्तम जाते, वाहनांना बुजत नाही. पण वाहतं पाणी आलं की थांबते आणि मागे सरकते. पुढे दुसरा घोडा असेल तर निमूट उतरते. एकटी असली की नाही.

डोळे, खूर, पाठ डॉक्टरांनी तपासलं आहे, खोगीरही नीट बसतं. घोड्याला नाकाखालचं दिसत नाही, म्हणून लगाम सैल सोडून तिला मान खाली घालून पाणी हुंगू देते. एक पाऊल पुढे टाकलं की टाचेचा दाब लगेच काढते. स्वतः पाण्यात उतरून दोरीने नेऊनही पाहिलं. तबेल्यातल्या डबक्यातून ती आता चालते, ओढ्यात मात्र नाही. चाबूक वापरायचा नाही, हे पक्कं आहे. पाण्याची भीती मारून जात नाही, वाढते.

रिंगणातले वर्ग नकोत. पुणे-सातारा भागात स्वार आणि त्याचाच घोडा यांना उघड्या रानात एकत्र शिकवणारं शिबिर किंवा तबेल्यावर येणारे प्रशिक्षक माहीत आहेत का? ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) तपासणी झालेली आहे, घोडी गाडीत शांत चढते. आणि तोवर, पुढच्या घोड्याची सवय टप्प्याटप्प्याने कशी सोडवायची?