लॅक्रॉस शिकवायला घेतलंय, बॉल जाळीत टिकतच नाही, सुरुवात कुठून करू?

डिचोलीचा_पीटी:
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात एका हायस्कूलात पीटी शिकवतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून लॅक्रॉसच्या (टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत, फेकत गोल करायचा खेळ) १२ स्टिक आणि दोन डझन बॉल पाठवलेत, आठवी-नववीची मुलंमुली तर वेडी झालीत, सुट्टी झाली की पीटी रूमच्या दारात उभी. माझा खेळ फुटबॉल, लॅक्रॉस मी कधी खेळलो नाही, व्हिडिओ बघून शिकवतोय.
अडचण अशी की बॉल जाळीत राहतच नाही. दोन पावलं धावले की खाली, झेलायला गेले की टणकन उडून भलतीकडे. आणि शब्द किती ते, क्रेडल, स्कूप, क्लिअर, राइड, स्लाइड, क्रीझ. क्रीझ म्हणजे क्रिकेटसारखीच काय? मुलामुलींचे नियम वेगळे असतात असंही वाचलं. पावसामुळे ग्राउंड म्हणजे नुसता तांबडा चिखल, म्हणून सध्या हॉलमध्येच घेतोय. कोणी खेळलेलं असेल तर प्लीज सांगा, मुलांना चुकीची सवय लागायला नको.

फोंड्याची_अबोली:
सर, वाचून इतका आनंद झाला! मी कॅनडात शिकायला होते तेव्हा चार वर्षं युनिव्हर्सिटीच्या क्लबात खेळले, इकडे आल्यापासून हा शब्दसुद्धा कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.
आधी एकच सांगते, झेलण्यापासून सुरुवात करू नका, जमिनीवरून बॉल उचलण्यापासून करा. नवीन पोरांच्या मॅचमध्ये बॉल अर्धा वेळ जमिनीवरच असतो, आणि जी टीम तो उचलते तीच जिंकते. त्यालाच ग्राउंड बॉल म्हणतात आणि उचलण्याच्या क्रियेला स्कूप. घमेल्यात रेती भरताना फावडं कसं चालवतात आठवा, वरून मारत नाहीत, पात जमिनीला घासत आत जाते आणि दांडा आडवा असतो. तसंच इथे, मागचा हात खाली, गुडघे वाकवून कंबर खाली, आणि बॉलच्या थोडं आधीच स्टिक जमिनीला लावून न थांबता धावत आरपार जायचं. पोरं काय करतात, बॉलपाशी येऊन थांबतात आणि वरून टोचतात, मग बॉल पुढे पुढे पळतो. उचलला की लगेच स्टिक उभी करून कानाजवळ आणायची आणि मोकळ्या बाजूला दोन-तीन पावलं पळायचं, नाहीतर समोरचा तिथल्या तिथे काढून घेतो.
आता क्रेडल, म्हणजे धावताना बॉल जाळीत टिकवणं. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली की पाणी सांडत नाही ना, तेच. स्टिक थोडी मागेपुढे वळवत राहिलं की बॉल जाळीला दाबून बसतो. वरचा हात मनगटातून वळवतो, खालचा हात दांड्याच्या टोकाला सैल, दांडा त्यात नुसता फिरतो. नवीन मुलं दोन्ही हातांनी घट्ट आवळतात आणि पाळणा हलवल्यासारखी सगळी स्टिक हलवतात, म्हणून बॉल सांडतो. आधी जागेवर, मग चालत, मग धावत, असं आठवडाभर घ्या. 
एक गोष्ट नक्की तपासा, नव्या स्टिकची जाळी ताणलेली आणि कडक असते. बॉल टणकन उडतो त्याचं अर्धं कारण हेच असणार. रोज बॉल ठेवून अंगठ्याने दाबत बसायचं, रात्री बॉल आत घालून दोरीने बांधून ठेवायचा, थोड्या दिवसांत खळगा पडतो. पण फार खोल नको. खोल झाला की बॉल उशिरा सुटतो आणि पास समोरच्याच्या पायाशी जमिनीवर आपटतो. पास वर उडत असेल तर उलट, पोरगं हात पुढे जायच्या आधीच सोडतंय.
झेलताना स्टिक बॉलवर मारायची नाही. बॉल येतो तसा हात मागे न्यायचा, कच्चं अंडं झेलल्यासारखं. सुरुवातीला टेनिस बॉल वापरा, खरा बॉल भरीव रबराचा असतो, वजन साधारण १४५ ग्रॅम, तोंडावर लागला तर दात जाईल.
भिंतीवर मारून झेलायचा सराव सगळ्यात उपयोगी, आम्ही रोज करायचो. फक्त उघड्या चिऱ्यांच्या भिंतीवर नको, बॉल कुठेही उडतो, गिलावा केलेली भिंत बघा. पन्नास उजव्या हाताने, पन्नास डाव्या हाताने.

म्हापशेकर_हॉकी:
अबोलीने सांगितलं त्यात हॉकीच्या अनुभवावरून एक भर घालतो. हॉकी खेळणारी मुलं असतील तर त्यांची पकड आयती तयार असते, डावा हात टोकाला आणि उजवा पुढे. पण हॉकीत स्टिकच एका बाजूची असते त्यामुळे हात बदलायची सवय अजिबात नसते, आणि लॅक्रॉसमध्ये तिथेच अडतं, डिफेंडर तुमच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला की खेळ संपला. तेव्हा पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने करून घ्या, कितीही कंटाळली तरी. दुसरं म्हणजे बॅटसारखा फटका मारायची सवय मोडा. खालचा हात ओढायचा, वरचा ढकलायचा, स्टिकचं तोंड शेवटी टार्गेटकडे.

डिचोलीचा_पीटी:
अबोलीताई, म्हापशेकर, खूप खूप आभार. आजच जाळ्या दाबल्या आणि फावड्याचं उदाहरण दिलं, आमच्याकडच्या पोरांना ते लगेच कळलं, एका तासात वीसेक जणांनी धावता धावता उचलला! आता ते बाकीचे शब्द? आणि एकच वीतभर हॉल आहे, दहा-दहाची टीम कशी खेळवू?

मडगाव_बास्केट:
सर, दहा-दहा खेळवूच नका. सिक्सेस खेळवा. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण, मैदान ७० बाय ३६ मीटर, ८ मिनिटांचे ४ क्वार्टर, आणि बॉल ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस याच प्रकारात आहे, तो निर्णय तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत झालेल्या बैठकीतच झाला, क्रिकेटबरोबर. ऑलिम्पिकला नवीन मात्र नाही हा खेळ, १९०४ आणि १९०८ ला पदकं दिली होती. हॉलमध्ये अजून लहान करून ३ वि. ३ घ्या, गोलकीपरशिवाय, गोलच्या जागी आडवा केलेला बाक.
मी बास्केटबॉलवाला, म्हणून मला डावपेच लगेच ओळखीचे वाटले. आपल्या गोलकडून बॉल सुरक्षित पुढे नेणं म्हणजे क्लिअर, आणि तो नेऊ न देण्यासाठी समोरचे जे मागे लागतात ती राइड. आपला डिफेंडर चकला तर शेजारच्याने आपला माणूस सोडून बॉलवाल्यासमोर जायचं, ती स्लाइड, आणि मग तिसऱ्याने त्या सुटलेल्या माणसाकडे सरकायचं. यात बोलणं सगळ्यात महत्त्वाचं, कोण स्लाइडला जाणार ते आधीच ओरडून सांगायचं. गप्प डिफेन्स म्हणजे गोल खाल्लाच.
आणखी एक, फुटबॉलच्या मुलांना हे जड जातं, इथे गोलच्या मागेही मैदान आहे. मागे बॉल नेला की गोलकीपर आणि डिफेंडर दोघांनाही मान वळवावी लागते, तेवढ्यात पुढून कापत येणाऱ्याला पास. आमच्या टीमला मी काही शिकवायचं म्हटलं असतं तर पहिल्यांदा हेच शिकवलं असतं.

फोंड्याची_अबोली:
क्रीझ राहिली. गोलभोवतीचं वर्तुळ म्हणजे क्रीझ, हल्ला करणाऱ्याने त्यात पाय टाकायचा नाही. गोलपोस्टची चौकट चौरस, ६ फूट बाय ६ फूट, म्हणजे प्रत्येक बाजू १.८३ मीटर. गोलकीपर सोडून कोणी बॉलला हात लावायचा नाही.
मुलामुलींचा फरक: मुलांच्या मोठ्या मैदानी प्रकारात १० खेळाडू, अंगाने धक्का देता येतो, म्हणून हेल्मेट, ग्लव्ह्ज, खांद्याचे पॅड लागतात. मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवायचं नाही, डोळ्यांना गॉगल आणि तोंडात माउथगार्ड. सुरुवातही वेगळी, मुलांमध्ये बॉल जमिनीवर ठेवून दोघे झटापट करतात तो फेस-ऑफ, मुलींमध्ये दोघी उभ्या राहून दोन जाळ्यांमध्ये बॉल धरून वर उडवतात तो ड्रॉ. तुमच्याकडे दोघं एकत्र आहेत तर धक्का पूर्ण बंद ठेवा, आणि समोरच्याच्या स्टिकवर मारणंही पहिले दोन-तीन महिने नको. नुसतं पायांनी वाट अडवायला शिकवा, पुढे तेच कामाला येतं.
आणि सर, हे मनावर घ्याच, खरा बॉल वापरून कोणालाही गोलमध्ये उभं करू नका जोपर्यंत हेल्मेट, गळ्याचा गार्ड आणि छातीचा पॅड नाही. छातीवर नेमक्या जागी बसलेला बॉल जिवावर बेतू शकतो. क्रिकेटचे पॅड घालून चालेल असं कोणी म्हणेल, ते पायांना ठीक, छाती उघडीच राहते. मुलं हट्ट करतील, तरी नाहीच म्हणा.
एक अजून. पोरांना हा खेळ कोणाचा तेही सांगा. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा आहे, युरोपातले लोक तिथे जायच्या कितीतरी आधीपासूनचा, नाव फक्त फ्रेंचांनी दिलं. त्यांच्यातले हौदेनोशौनी लोक याला देवाने दिलेला खेळ मानतात आणि आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या झेंड्याखाली उतरतात. आमच्या क्लबात त्यांच्यातली एक मुलगी होती, मॅचआधी ती स्टिक जमिनीवर टाकू द्यायची नाही कोणाला. आपण पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतो ना, तसं.

डिचोलीचा_पीटी:
देव बरें करूं ताई. गोलकीपरचं लिहिलंत ते बरं झालं, उद्यापासून एकाला उभा करणारच होतो. आता बाकावरच मारू दे. गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर ग्राउंड सुकलं की ३ वि. ३ बाहेर घेतो. तोवर हॉलची एक बाजू गिलाव्याची आहे, तिथे पन्नास-पन्नास. फोंड्याहून कधी एखाद्या शनिवारी डिचोलीला यायला जमेल का? मुलांना खरी खेळाडू बघायला मिळेल.

फोंड्याची_अबोली:
येते की. माझी जुनी स्टिक माळ्यावर आहे, जाळी नव्याने विणून घेते आणि येते. तोवर डावा हात विसरू नका.