बिलच काढून टाकलं!
काही जण म्हणतात की सॉफ्टवेअर बसवलं की कामाची पद्धत आपोआप सुधारते, त्यावर संशोधन कशाला. मला हे अजिबात पटत नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये मांडलेलं फोर्ड या मोटार कंपनीचं उदाहरण बघा. पुरवठादारांची देणी भागवायला उत्तर अमेरिकेत ५०० हून जास्त माणसं. माझदा या जपानी मोटार कंपनीकडे त्याच कामाला अवघी ५! ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल यांतल्या १४ बाबी जुळल्या तरच पैसे सुटायचे. सगळा दिवस न जुळणाऱ्या कागदांमागे जायचा. नुसत्या संगणकीकरणाने २० टक्के माणसं कमी होणार होती. त्याऐवजी फोर्डने बिलच रद्द केलं: माल उतरला, ऑर्डरशी जुळला, की चेक. माणसं ७५ टक्क्यांनी घटली. आमच्याकडे मात्र ऑनलाइन मंजुरीचीसुद्धा प्रिंट काढून सही घेतात.