डब्ल्यूपीएफ : प्रॉपर्टीचेंज्ड नेमका कुठे हाताळावा?

टिंबटिंब
मंडळी, सल्ला हवाय. डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचं विंडोज डेस्कटॉप यूआय फ्रेमवर्क) बिलाची विंडो करतोय. रकाने चार : नग, दर, सूट टक्के, एकूण. पहिल्या तीनपैकी काहीही बदललं की एकूण बदलावं. शिवाय क्लायंटचा हट्ट असा की एकूण हाताने टाकलं तर सूट उलटी काढून दाखवायची. सध्या व्ह्यूमॉडेल (विंडोमागचा माहिती सांभाळणारा क्लास) स्वतःचाच प्रॉपर्टीचेंज्ड, म्हणजे 'अमुक प्रॉपर्टी बदलली' हे कळवणारा इव्हेंट, ऐकतं, आत भलामोठा स्विच. सूट एकूणला हलवते, एकूण सुटीला, आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो. 'आता मीच बदलतोय' असा एक बूलियन फ्लॅग लावून वेळ मारून नेलीय. नीट मार्ग कोणता? लायब्ररी असेल तर तीही सुचवा.

जुनाखोड
फ्लॅग काढा आणि स्विचही काढा. स्वतःचाच इव्हेंट ऐकणं म्हणजे स्वतःच्याच घराची बेल वाजवून दार उघडायला धावणं.

'एकूण' साठवूच नका. त्याचा गेटर (किंमत वाचताना चालणारा कोड) नग, दर, सूट यांवरून हिशेब करून देईल. सेटर (किंमत टाकताना चालणारा) फक्त सूट काढून ती सूट प्रॉपर्टीत टाकेल, बाकी काही नाही. सुटीच्या सेटरमध्ये सूट आणि एकूण दोन्ही बदलल्याचं जाहीर करा. खरी माहिती एकाच जागी राहिली की फेरा उरत नाही. नुसती 'जुनी किंमत तीच असेल तर परत फिर' ही तपासणी इथे पुरणार नाही : दोन्हीकडे राउंडिंग असेल तर आकडे एकमेकांना ढकलतच राहतात. म्हणून साठवताना सूट राउंड करू नका, दाखवताना स्ट्रिंगफॉरमॅटने करा. आणि नग किंवा दर शून्य असताना उलटा हिशेब होत नाही, डेसिमल असेल तर थेट एक्सेप्शन येईल. तिथे सेटरने काहीच करू नये.

बाकी सेटरमध्ये क्रम एकच : तपासा, फील्ड बदला, मग जाहीर करा. तपासणीला इक्वॅलिटीकम्पेअररचा डीफॉल्ट वापरा. डबलमध्ये नॅन ('आकडा नाही' अशी खास किंमत) आलं तर साध्या != ला ते दर वेळी 'बदललेलं'च वाटतं.

अल्पविराम
जुनाखोड यांना +१. लायब्ररी हवी तर कम्युनिटी टूलकिटचं एमव्हीव्हीएम पॅकेज घ्या. सेटप्रॉपर्टी ही तपासणी करूनच इव्हेंट उडवते. फील्डवर ऑब्झर्व्हेबलप्रॉपर्टी आणि नोटिफायप्रॉपर्टीचेंज्डफॉर हे अ‍ॅट्रिब्यूट लावले की सेटरचा कोड आपोआप तयार होतो.

जुनाखोड
चार रकान्यांसाठी कशाला पॅकेज? सी शार्प ५ पासून, म्हणजे 2012 पासून, कॉलरमेंबरनेम आहे, प्रॉपर्टीचं नाव तो आपोआप भरतो. बेस क्लास दहा-पंधरा ओळींत होतो. विंडो वाढल्या की बघा.

पडद्यामागे
एक गोष्ट राहिली. बाहेरच्या क्लासमधून हा इव्हेंट ऐकत असाल तर += (हँडलर जोडणं) च्या जोडीला -= (तो काढणं) कुठे आहे ते आधी शोधा. सेटिंग्जसारखं ऑब्जेक्ट अ‍ॅप्लिकेशन संपेपर्यंत जगतं. विंडोने त्याला हँडलर जोडला, तर विंडो बंद झाली तरी मेमरीत अडकून राहते. -= करायला सोयीची जागा नसेल तर प्रॉपर्टीचेंज्डइव्हेंटमॅनेजर वापरा, तो वीक रेफरन्स धरतो, म्हणजे ऑब्जेक्टला मेमरीत अडकवून ठेवत नाही. डिपेंडन्सीप्रॉपर्टीडिस्क्रिप्टरच्या अ‍ॅडव्हॅल्यूचेंज्डलाही हाच रोग आहे, आणि तो जास्त छुपा.

आणि हँडलरमध्ये नावावर स्विच करताना रिकामी स्ट्रिंग किंवा नल आलं तर 'सगळ्या प्रॉपर्टी बदलल्या' असा त्याचा अर्थ. ही केस बरेच जण लिहीतच नाहीत.

टिंबटिंब
आभार! एकूण साठवणं बंद केलं, स्विच गेला, फ्लॅगही गेला. आता पुढचं : दर बॅकग्राउंड थ्रेडवरून अपडेट होतात. तिथूनच सेटर चालवला तर चालेल का? प्रत्येक वेळी डिस्पॅचर (काम यूआय थ्रेडकडे सोपवणारा) नको वाटतो.

पडद्यामागे
साध्या प्रॉपर्टीला चालेल, डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग तो बदल स्वतःच यूआय थ्रेडवर नेतं. ऑब्झर्व्हेबलकलेक्शनला (बदल कळवणारी यादी) मात्र नाही, तिथे एक्सेप्शन येईल. त्यासाठी .नेट 4.5 पासून बाइंडिंगऑपरेशन्समध्ये एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन आहे, लॉक द्यावा लागतो. आणि तुम्ही हाताने जोडलेले हँडलर ज्या थ्रेडने इव्हेंट उडवला त्याच थ्रेडवर चालतात. त्यांतून थेट कंट्रोलला हात लावायचा असेल तर डिस्पॅचर लागणारच.