याकोब १ : 'आनंद माना' आणि 'मोह', युवकांना फरक कसा समजावायचा?

पलूस_युवक
जय ख्रिस्त. येत्या रविवारी भक्तीनंतर युवकांच्या वर्गात याकोबाच्या पत्राचा १ला अध्याय घ्यायचा आहे, वेळ ४५ मिनिटं. २ऱ्या वचनात परीक्षा आल्या की आनंद माना असं आहे, १३व्यात देव कोणाला मोहात पाडत नाही असं आहे, आणि उत्पत्ती २२:१ मध्ये तर देवच अब्राहामाची परीक्षा पाहतो. समोर आलेली गोष्ट परीक्षा की मोह, हे ओळखायचं कसं? ओळखल्यावर करायचं काय? मुलं १७ ते २४ वयाची, काही साखर कारखान्यात कामाला. फोनवरचे पैसे लावायचे खेळ, रात्रीचा मोबाईल आणि पगाराच्या दिवशीची बाटली हे विषय निघणारच.

मिरजकर_वाचक
मराठीत दोन शब्द दिसतात म्हणून घोळ होतो. ग्रीकमध्ये 'परीक्षा' आणि 'मोह' दोन्हींचं मूळ एकच आहे, 'पेइराझो'. उत्पत्ती २२च्या जुन्या ग्रीक भाषांतरातही हेच क्रियापद आहे. म्हणून 'ही परीक्षा की मोह' हा प्रश्नच थोडा चुकतो. एकच प्रसंग दोन्ही असू शकतो. मत्तय ४:१ बघा. अरण्यात नेतो आत्मा, मोह घालतो सैतान. जागा एक, दिवस तेच ४०, हेतू मात्र उलटे. देव टिकवण्यासाठी पारखतो, सैतान पाडण्यासाठी. याकोब १३व्या वचनात नाकारतो ते एवढंच, की पाडण्याचा हेतू देवाचा आहे.

मुलांकडून येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात शोधून घ्या : ८:३, ६:१६, ६:१३. तिन्ही वचनं इस्राएलाच्या अरण्यातल्या ४० वर्षांशी बांधलेली आहेत. इस्राएल जिथे पडलं तिथे येशू उभा राहिला, हे त्यांना आपोआप दिसेल. १० मिनिटं पुरतात.

विटा_गलाई
याकोब १:३ मधला 'पारख' हा शब्द सोडू नका. १ पेत्र १:७ मध्ये अग्नीने पारखलेल्या सोन्याशेजारी तोच आहे. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पसरलीत, त्यामुळे हे मुलांना लगेच कळेल. आज नायट्रिक ॲसिड वापरतात, पण बायबलच्या काळी शिसं वापरत. हाडांच्या राखेच्या सच्छिद्र मुशीत अशुद्ध रुपं (चांदी) आणि भरपूर शिसं घालून भट्टी ९०० ते १००० अंशांच्या आसपास ठेवायची आणि भात्याने वारा द्यायचा. शिसं हवेत जळतं, तांब्यासारखं हीण सोबत घेतं आणि मुशीत मुरतं. रुपं वर राहतं.

बिघडतं दोन्हीकडून. ताव कमी पडला तर जळलेल्या शिशाची साय धरते आणि काम थांबतं. ताव जास्त झाला तर रुपंच उडून जातं. मलाखी ३:३ मध्ये गाळणारा 'बसतो' असं म्हटलंय ते यामुळे, मूस सोडून उठता येत नाही. (गाळणाऱ्याला रुप्यात स्वतःचा चेहरा दिसतो, असं प्रवचनात ऐकायला मिळतं. वचनात ते नाही, वर्गात सांगू नका.) यिर्मया ६:२९ सुद्धा वाचा. भाता फुंकून जळाला, शिसं संपलं, हीण निघालंच नाही. म्हणजे भट्टीत पडला तो शुद्ध झालाच, असं नसतं.

कृष्णाकाठ
आता करायचं काय, ते. याकोब १:१४ मधले 'ओढला जातो' आणि 'भुलवला जातो' हे शब्द शिकारीचे, मासेमारीचे आहेत. मासा आधी दगडाआडून बाहेर येतो, मग कणकेची गोळी धरतो, गळ नंतर लागतो. 'आपल्या वासनेने' असं लिहिलंय, म्हणजे प्रत्येकाची गोळी वेगळी. म्हणून सगळ्यांना एकच उपदेश करून भागत नाही. प्रत्येकाने दोन आठवडे कागदावर लिहावं : वेळ, जागा, त्याआधीच्या तासात काय चाललं होतं, पोट रिकामं होतं का, सोबत कोण होतं. कागद कोणाला दाखवायचा नाही. त्याच त्या दोन-तीन वेळा पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. अडवायचं तिथे, गोळी तोंडात गेल्यावर नाही.

पवित्र शास्त्र दोन वेगळ्या आज्ञा देतं आणि आपण त्या मिसळतो. सैतानाला अडवा (याकोब ४:७), पण जारकर्मापासून आणि तरुणपणाच्या वासनांपासून पळा (१ करिंथ ६:१८, २ तीमथ्य २:२२). योसेफ पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. म्हणून फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या. खेळाचं ॲप काढणं पुरत नाही, पुन्हा टाकायला एक मिनिट लागतं. युपीआयची रोजची मर्यादा कमी करा आणि पगार झाला त्याच दिवशी घरखर्च वळता करा.

दारूबाबत सावध राहा. रोज भरपूर पिणाऱ्याला प्रार्थना करून एकदम बंद कर असं सांगू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, जीवही जातो. आधी डॉक्टर. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

पलूस_युवक
फार उपयोगी. १ करिंथ १०:१३ वरून 'देव झेपेल तेवढंच दुःख देतो' असं सांगितलं तर चालेल ना?

कृष्णाकाठ
नको. तिथे विषय मोहाचा आहे, १४वं वचन लगेच 'पळा' म्हणतं. दुःखाबद्दल पौल स्वतः २ करिंथ १:८ मध्ये भार शक्तीपलीकडचा होता असं लिहितो. आजारी आई असलेल्या मुलाला ते वाक्य ऐकवू नका. १३व्या वचनातल्या 'उपाय' या शब्दावर थांबा, मुळात त्याचा अर्थ बाहेर पडायची वाट. मग प्रत्येकाला कागदावरच्या एका वेळेसमोर ती वाट लिहायला लावा. त्यासाठी शेवटची १५ मिनिटं राखून ठेवा.